पहिली गिटार, मोजके पैसे : काय पाहावे, काय मोजावे आणि काय सोडून द्यावे

गिटार शिकायचे ठरवून दुकानात जाणारा नवशिका बहुतेक वेळा रंग, आकार आणि कंपनीचे नाव पाहून वाद्य निवडतो. तारा फ्रेटबोर्डापासून, म्हणजे ज्या पट्टीवर त्या बोटांनी दाबायच्या तिच्यापासून, किती उंच आहेत, हे त्याला कोणी दाखवत नाही. घरी आल्यावर बोटांची टोके दुखतात, कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा मेळ) धरली की दोन तारा मुक्या राहतात, एफ कॉर्ड तर लागतच नाही. मग आपल्याकडे हे अंगच नाही, असा समज करून तो गिटार कपाटावर ठेवून देतो. अशा कितीतरी गिटारी मी हातात घेऊन पाहिल्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच वाद्यांत दोष तारांच्या उंचीचा होता, शिकणाऱ्याचा नव्हता. म्हणून हा लेख साधारण ५,००० ते १०,००० रुपयांत पहिली अकूस्टिक गिटार घेऊ पाहणाऱ्यांसाठी, आणि आपल्या मुलांसाठी ती घेणाऱ्या पालकांसाठी, जरा तपशिलात जाऊन लिहिला आहे.

पैशांची वाटणी आधी करावी

तंबोरा घेणारा माणूस जवारी (घोडीचा माथा घासून तार नीट टेकवण्याचे काम) काढून घेतल्याशिवाय वाद्य घरी नेत नाही. मिरजेतल्या कारागिराने भोपळा आणि दांडी कितीही सुबक केली, तरी घोडीवर जवारी नीट बसली नसेल तर स्वर खुलत नाही, हे गाणाऱ्यांच्या घरात सर्वांना ठाऊक असते. गिटारीच्या बाबतीत याच जातीच्या कामाला ‘सेटअप’ म्हणतात. तारांची उंची, नेकचा, म्हणजे दांडीचा, बाक आणि नटच्या, म्हणजे दांडीच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा वाजवणाऱ्याच्या बोटांना सोयीच्या करून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. कारखान्यातून आलेल्या स्वस्त गिटारीवर हे काम घाईत झालेले असते किंवा झालेलेच नसते. त्यामुळे सगळे पैसे वाद्यावर खर्च करून सेटअपसाठी काहीच न उरवणे, ही कमी बजेटमधली सर्वांत महाग चूक ठरते.

समजा, हातात ८,००० रुपये आहेत. त्यांतले ६,००० ते ६,५०० गिटारीसाठी ठेवावेत आणि उरलेल्या रकमेत सेटअप, तारांचा एक चांगला संच, जाड अस्तराची बॅग आणि दोन-तीन पिक (तारा छेडायच्या चकत्या) बसवावेत. सेटअपचा दर गावागणिक आणि कारागिरागणिक बदलतो, म्हणून गिटार घेण्यापूर्वीच दुकानात किंवा ओळखीच्या गिटार-शिक्षकाकडे तो विचारून ठेवावा. कॅपो, म्हणजे पट्टी बदलण्यासाठी नेकवर लावायचा चिमटा, लगेच लागत नाही. ट्यूनरचे, म्हणजे सूर जुळला का ते दाखवणाऱ्या साधनाचे, काम मोबाइलवरचे मोफत ॲप चोख करते. बॅग, पट्टा, जादा तारा, पिक आणि शिकवणीचे पुस्तक अशा भरगच्च ‘कॉम्बो’ला भुलू नये, कारण त्यातल्या वस्तू बहुधा पातळ आणि तकलादू असतात व त्यांचे पैसे गिटारीच्या दर्जातूनच कापले गेलेले असतात. छापील किमतीवर दाखवलेली मोठी सूटही मनावर घेऊ नये. वाद्य आज चार ठिकाणी प्रत्यक्ष किती रुपयांना मिळते, तेवढेच पाहावे.

२,००० ते ३,००० रुपयांच्या ३८ इंची गिटारींबद्दल नेहमी विचारले जाते. त्यातली एखादी चांगली निघते, मात्र एकाच नावाच्या दोन नगांत फार फरक असतो. म्हणून या किमतीची गिटार न पाहता, न वाजवता घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. एवढेच पैसे असतील तर जुन्या वाद्याकडे वळणे अधिक शहाणपणाचे, त्याविषयी पुढे लिहिले आहे.

कोणत्या जातीची गिटार

नवशिक्यासमोर तीन पर्याय असतात. नायलॉनच्या तारांची क्लासिकल, पोलादी तारांची अकूस्टिक आणि इलेक्ट्रिक.

हिंदी-मराठी गाणी म्हणत साथीला कॉर्ड वाजवायच्या असतील, तर पोलादी तारांची अकूस्टिक योग्य. तिचा आवाज खणखणीत असतो, गाण्याखाली तो दबत नाही आणि आपल्याकडचे बहुतेक शिक्षक तिच्यावरच शिकवतात. सुरुवातीचे काही आठवडे बोटे दुखतात, पण तारांची उंची योग्य असेल तर ते दुखणे सहन होण्याजोगे असते.

क्लासिकल गिटारीच्या नायलॉनच्या तारा बोटांना मऊ लागतात, त्यामुळे लहान मुलांना आणि एकेक स्वर वेगळा छेडून वाजवण्याची आवड असणाऱ्यांना ती मानवते. मात्र तिचा नेक रुंद असतो. यामाहाच्या सी ४० या प्रचलित मॉडेलमध्ये नटपाशी ही रुंदी ५२ मिलिमीटर आहे, तर त्याच कंपनीच्या एफ ३१० या अकूस्टिक मॉडेलमध्ये ४३ मिलिमीटर. ९ मिलिमीटरचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण लहान पंजाला तो चांगलाच जाणवतो. आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : क्लासिकल गिटारीवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. पोलादी तारांच्या मध्यम-हलक्या संचाचा एकूण ताण सत्तर किलोच्या वर जातो आणि नायलॉनच्या संचाचा साधारण त्याच्या निम्मा असतो. त्या जादा ताणाने ब्रिज, म्हणजे पोटावरची तारा अडकवायची पट्टी, उखडतो किंवा नेक कायमचा वाकतो.

इलेक्ट्रिक गिटारीच्या तारा पातळ असल्याने ती दाबायला सर्वांत हलकी, पण ॲम्प्लिफायर, केबल आणि इतर सामान धरले तर खर्चाचा निम्मा भाग वाद्याबाहेर जातो. रॉक किंवा मेटलच वाजवायचे हे पक्के ठरले असेल तरच मर्यादित पैशांत तिचा विचार करावा. अकूस्टिकमध्येच पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारे साधन) बसवलेल्या गिटारी दुकानदार आवर्जून पुढे करतात. पहिल्या वर्षी मंचावर वाजवायचे नसल्यास त्या पिकअपचा काहीच उपयोग नाही.

आकार अंगाला बेतून घ्यावा

बाजारात ३८, ३९, ४० आणि ४१ इंच असे आकडे सांगितले जातात, ती वाद्याची एकूण लांबी असते. बोटांच्या दृष्टीने महत्त्वाचे माप वेगळे आहे : नटपासून ब्रिजवरच्या सॅडल या पट्टीपर्यंत तारेची जी लांबी कंप पावते, ती स्केल लेंग्थ. पूर्ण आकाराच्या क्लासिकलमध्ये ती साधारण ६५० मिलिमीटर असते, एफ ३१० मध्ये ६३४. स्केल जेवढी कमी, तेवढे फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जवळजवळ येतात आणि त्याच तारांचा ताणही थोडा उतरतो.

मोठ्या पोटाची ४१ इंची ड्रेडनॉट मांडीवर घेतल्यावर उजवा खांदा वर उचलला जात असेल, तर ती आपल्यासाठी मोठी आहे. बुटक्या व्यक्तींनी ३९ किंवा ४० इंचांची, जरा अरुंद कमरेची गिटार मांडीवर घेऊन पाहावी. आठ-दहा वर्षांच्या मुलासाठी पाऊणपट आकाराची नायलॉनची गिटार बरी. ‘मूल मोठे होईल तेव्हा कामाला येईल’ म्हणून पूर्ण आकाराची घेऊ नये, कारण तोवर त्याचा उत्साह टिकणार नाही. डावखुऱ्यांनी आधी दोन्ही हातांनी धरून पाहावे. डावखुऱ्यांची मॉडेले कमी मिळतात, आणि साधी गिटार उलट्या तारा लावून वापरायची तर नट व सॅडल दोन्ही बदलावे लागतात.

लाकडाबद्दल थोडेच

या किमतीत पुढची फळी बहुतेक लॅमिनेटची, म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली असते. अखंड लाकडाच्या फळीचा नाद अधिक भरदार असतो हे खरे, पण महाराष्ट्राच्या हवेत लॅमिनेटचा एक फायदाही आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, तर विदर्भात एप्रिल-मेच्या दुपारी हवा अगदी शुष्क होते. अखंड लाकूड या ओल्या-सुक्या फेऱ्यात जास्त फुगते आणि आकसते, तडकतेही. लॅमिनेट ते बरेच सोसते. त्यामुळे पहिल्या गिटारीसाठी लॅमिनेटबद्दल खंत बाळगू नये आणि विक्रेता महोगनी, रोझवूड अशी नावे घेऊ लागला तरी त्यावर जादा पैसे देऊ नयेत. कटअवेचेही, म्हणजे नेकजवळ पोटाला दिलेल्या खाचेचेही, तसेच : तो वरच्या फ्रेटांपर्यंत हात पोचावा म्हणून असतो आणि नवशिक्याचे पहिले वर्ष पहिल्या पाच फ्रेटांतच जाते.

एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी, ती म्हणजे ट्रस रॉड. नेकच्या आत बसवलेल्या या धातूच्या दांडीने नेकचा बाक कमीजास्त करता येतो. पोलादी तारांच्या गिटारीत ती असायलाच हवी. गोल छिद्रातून आत डोकावल्यास नेकच्या बाजूला तिचे टोक दिसते, किंवा खुंट्या असलेल्या डोक्यावरच्या छोट्या झाकणाखाली ते असते. क्लासिकलमध्ये ती सहसा नसते, आणि तो दोष नव्हे.

दुकानातली तपासणी

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याला अर्धा तास लागतो. सोबत ट्यूनर ॲप असलेला मोबाइल, स्टीलची छोटी पट्टी, एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड आणि उठावाचे आकडे नसलेली तीन-चार एटीएम कार्डे न्यावीत. कार्डे यासाठी की प्रत्येक प्रमाणित कार्डाची जाडी ०.७६ मिलिमीटर असते, म्हणजे मोजमापाचे साधन आपल्या पाकिटातच आहे. शक्यतो गर्दी नसलेल्या वेळी, सकाळी जावे. मुंबईत धोबी तलावला १८६५ पासून चालत आलेल्या फुर्टाडोजसारख्या वाद्यांच्या दुकानात चार-पाच गिटारी शेजारी ठेवून तुलना करता येते. लहान गावातल्या दुकानात दोनच असतील, तरी तपासणीचा क्रम हाच राहतो.

पहिली पायरी, गिटार सुरात लावणे. जाड तारेपासून पातळ तारेकडे ई, ए, डी, जी, बी, ई असा क्रम असतो. बेसूर गिटारीवर केलेली कोणतीही तपासणी फोल आहे, कारण तारा सैल असतील तर उंचीही खोटी दिसते. लावताना खुंट्या दोन्ही दिशांना फिरवून पाहाव्यात. खुंटी फिरवूनही सूर जागचा न हलता एकदम उडी मारत असेल, तर खुंटीत पोकळ फिरणारी जागा आहे किंवा नटच्या खाचेत तार अडकते आहे. दुसरा दोष सहज दुरुस्त होतो, पहिल्यासाठी खुंट्या बदलाव्या लागतात.

दुसरी पायरी, बाराव्या फ्रेटवरची उंची. यालाच वादक ‘ॲक्शन’ म्हणतात. सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड तारेखाली बाराव्या फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर कार्डे एकावर एक ठेवून सरकवावीत. तीन कार्डे, म्हणजे सुमारे २.३ मिलिमीटर, तार न उचलता आत जात असतील आणि चौथे जात नसेल, तर उंची उत्तम आहे. पहिल्या, सर्वांत पातळ तारेखाली दोन कार्डे सहज जावीत आणि तिसरे अडावे. सहाव्या तारेखाली चार कार्डे सैल जात असतील तर सेटअप करावाच लागेल. पाच जात असतील तर दुसरी गिटार मागवावी. क्लासिकलमध्ये उंची मुळातच जास्त असते : जाड तारेखाली ४ आणि पातळ तारेखाली ३ मिलिमीटरच्या आसपास चालते.

उंची जास्त असेल, पण बाकी सारे आवडले असेल, तर सॅडलकडे पाहावे. ब्रिजवरची ही पांढरी पट्टी किती वर आली आहे, यावर दुरुस्तीची शक्यता अवलंबून असते. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असल्याने तिथली उंची १ मिलिमीटरने उतरवायची तर सॅडल २ मिलिमीटर घासावे लागते. सॅडल ब्रिजच्या वर ३-४ मिलिमीटर दिसत असेल तर वाव आहे. ते आधीच ब्रिजला टेकत आले असेल आणि तरीही तारा उंच असतील, तर नेकचा जोडच चुकलेला आहे. त्याच्या दुरुस्तीचा खर्च गिटारीच्या किमतीएवढा होऊ शकतो, म्हणून अशी गिटार कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

तिसरी पायरी, नट. प्रत्येक तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते पाहावे. पातळ कागद जेमतेम सरकेल इतकीच फट हवी. ती जास्त असेल तर पहिल्या दोन फ्रेटांवरच्या कॉर्ड विनाकारण जड जातात, आणि नवशिक्याला नेमक्या त्याच कॉर्ड आधी शिकवल्या जातात. एफ कॉर्डची ख्यातनाम अडचण अनेकदा इथे उगम पावते. खाचा खोल करणे हे कारागिराचे थोड्या वेळाचे काम आहे. उलट फट अजिबात नसेल आणि मोकळी तार खरखरत असेल, तर नट बदलावा लागतो.

चौथी पायरी, नेकचा बाक. सहावी तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने नेक जिथे पोटाला मिळतो त्या चौदाव्या फ्रेटवर दाबावी. ताणलेली तार आपोआप सरळ पट्टीचे काम करते. सातव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट असावी. एटीएम कार्ड मावत असेल तर बाक जास्त आहे, फट मुळीच नसेल तर नेक उलट्या बाजूला वाकला आहे. ट्रस रॉड असल्यास दोन्ही गोष्टी सुधारतात, पण ते काम दुकानातल्या जाणकाराने आपल्यासमोर करून दाखवावे. नेक डोक्याकडून पाहताना पिळल्यासारखा तिरका दिसत असेल, तर मात्र तिथेच थांबावे. पिळलेल्या नेकवर ट्रस रॉडचा इलाज चालत नाही.

पाचव्या पायरीला चिकाटी लागते. सहाही तारांवर पहिल्यापासून बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर दाबून छेडावा. एकूण ७२ स्वर होतात. वाजवता येत नसले तरी हे कोणालाही जमते. एखाद्याच ठिकाणी खरखर आली किंवा शेजारच्या दोन फ्रेटांवर एकच स्वर ऐकू आला, तर एक फ्रेट वर उठलेला आहे. नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा फिरवून फ्रेटांची टोके बोचतात का, हेही याच वेळी पाहावे.

सहावी पायरी, सुराची खात्री. बाराव्या फ्रेटवर तारेला बोट नुसते टेकवून छेडले की हार्मोनिक, म्हणजे घंटेसारखा पातळ स्वर, वाजतो, आणि तिथेच तार दाबून छेडली की तोच स्वर पुन्हा यायला हवा. ट्यूनरवर दोहोंत पाच सेंटपर्यंतचा (सेंट हे सुरातल्या फरकाचे छोटे माप) फरक चालतो. नव्या तारा असूनही तो दहाच्या पुढे जात असेल, तर कॉर्ड कधीच पूर्ण सुरात लागणार नाहीत. तारा गंजलेल्या असतील तर मात्र ही परीक्षा फसवी ठरते आणि दुकानदाराला नव्या तारा चढवायला सांगणे योग्य.

शेवटी ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कोपरा घालून पाहावा. तो आत शिरत असेल तर डिंक सुटू लागला आहे. ब्रिजमागे फळी किंचित फुगलेली असणे नैसर्गिक, पण ब्रिज पुढे झुकलेला दिसत असेल तर वाद्य ताण सोसत नाही. एवढे झाल्यावर दुकानातल्या कोणाकडून तरी दोन गाणी वाजवून घ्यावीत, आपण समोर उभे राहून ऐकावे आणि मग पुन्हा ट्यूनर लावावा. जोरात वाजवूनही सूर फारसा न हललेली गिटार निवडावी. सर्व परीक्षांत दोन गिटारी सारख्या ठरल्या, तर जी पुन्हा उचलावीशी वाटते ती घ्यावी. रंग आवडणे हाही सराव टिकण्याचा आधार आहे.

ऑनलाइन घ्यावी लागली तर

आसपास दुकान नसेल तर ऑनलाइन खरेदीत गैर काही नाही, फक्त अशा वेळी नगागणिक कमी फरक पडणारी मॉडेले पाहावीत. यामाहाच्या एफ २८० किंवा एफ ३१० यांची शिफारस शिक्षक वारंवार करतात, ती या सातत्यामुळेच. केडन्स, वॉल्ट या कंपन्यांच्या गिटारी त्यांहून स्वस्त मिळतात, पण त्यांच्या बाबतीत सेटअपची रक्कम हाताशी ठेवूनच ऑर्डर द्यावी. परत करण्याची मुदत किती आणि परतीचा खर्च कोणाचा, हे आधी वाचावे. खोके उघडतानाचे चित्रीकरण करावे आणि वरच्या सर्व पायऱ्या त्याच दिवशी घरी कराव्यात. मुदत संपेपर्यंत खोके फेकू नये.

जुनी गिटार

जुन्या वाद्यात पैशाचे मोल सर्वांत जास्त मिळते. हौसेने घेऊन सहा महिन्यांत सोडलेल्या चांगल्या गिटारी पुणे-मुंबईत निम्म्या-पाऊण किमतीत विकायला असतात. गोव्यात, वसईत आणि वांद्र्याच्या जुन्या वस्त्यांत गिटार पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे, तिथे ओळखीतून चांगले वाद्य मिळण्याचा संभव अधिक. तपासणी तीच, त्यात दोन गोष्टींची भर : पहिल्या तीन फ्रेटांवर तारांनी पाडलेल्या खोल खाचा आहेत का, आणि नेक व डोके यांच्या सांध्याशी केसासारखी रेघ आहे का. ती रेघ म्हणजे पडून तुटलेले आणि चिकटवलेले वाद्य असू शकते. गंजलेल्या तारा, धूळ आणि ओरखडे यांवरून किंमत कमी करून घ्यावी, कारण त्यांनी वाद्याचे काही बिघडत नाही.

घरी आणल्यावर

सेटअप करायला देतानाच तारा बदलून घ्याव्यात. अकूस्टिकसाठी १० ते ४७ मापाचा (तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) एक्स्ट्रा लाइट संच नवशिक्याच्या बोटांना सोपा जातो. १२ ते ५३ च्या संचाचा आवाज भारदस्त असतो, पण त्याकडे सहा महिन्यांनी वळले तरी चालते. नव्या तारा पहिले दोन-तीन दिवस उतरत राहतात, तो खुंट्यांचा दोष समजू नये. प्रत्येक वेळी वाजवण्यापूर्वी ट्यूनर लावावा आणि वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा पुसाव्यात. घामामुळे, विशेषतः किनारपट्टीवर, त्या लवकर गंजतात.

गिटार भिंतीच्या ओलीपासून दूर, बॅगेत ठेवावी. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती एक तासही सोडू नये, कारण ब्रिजचा डिंक उष्णतेने मऊ होतो. पाऊस महिनाभर लागून राहिला की बाराव्या फ्रेटखाली पुन्हा कार्डे सरकवून पाहावीत. फळी फुगून तारा वर आल्या असतील तर सॅडल घाईने घासू नये, हवा सुकल्यावर त्या बऱ्याच अंशी खाली येतात. दिवाळीनंतरही उंची तशीच राहिली, तर गिटार कारागिराकडे न्यावी आणि मोजलेले आकडे त्याला सांगावेत.